कापणीचा खोकला

तोराकिचीचा खोकला चिझुकोला स्वयंपाकघरातून ओळखू यायचा. नुसता कोरडा असला तर ती तांदूळ धूत राहायची. ओला आणि मोकळा असला तर 'चला, सुटला बेडका' म्हणून तिलाच बरं वाटायचं. पण एक खोकला असा होता की तो आत कुठेतरी अडकून बसायचा. म्हातारा खाकरून खाकरून जांभळा पडायचा आणि बाहेर काही म्हणजे काही यायचं नाही. तो ऐकला की ती हातातलं टाकून पळायची. तेवीस वर्षं ती त्या घरात सून होती. नवऱ्याच्या मनातलं तिला कधी धड कळलं नाही, सासऱ्याच्या छातीतलं मात्र बरोबर कळायचं.

त्या वर्षी मार्चपासून म्हाताऱ्याला दोनदा तापाने दवाखान्यात टाकावं लागलं. दुसऱ्यांदा सोडताना डॉक्टरने तिच्या नवऱ्याला, हिदेआकीला, बाजूला घेऊन स्वच्छच सांगितलं.

"छातीत माती बसलीये, ती आता निघायची नाही. उजवीकडे खालचा भाग सैल पडलाय, तिथे कफ साठतो. साठला की नासतो, नासला की ताप. रोज कफ काढत राहिलात तर घरी राहतील. पण तिसऱ्यांदा ताप घेऊन आले तर मी सोडणार नाही. मागच्या इमारतीत कायमची खाट देऊ. वीस जुलैला दाखवायला आणा."

मागची इमारत गावात सगळ्यांना ठाऊक होती. तिथे वाईट काही नव्हतं. जेवण वेळेवर, खिडक्या मोठ्या. पण तिथे गेलेलं माणूस परत बांधावर उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तोराकिचीला हे कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिथे जमिनीला ते गुळगुळीत प्लास्टिक आहे. सत्तर वर्षं तातामी विणल्या मी. प्लास्टिकवर मरू काय?"

आता हे बोलणं बाहेरच्या माणसाला हट्टीपणाचं वाटेल. पण यात्सुशिरोच्या त्या सपाटीवर लव्हाळा पिकवणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्यच तातामीवर, म्हणजे लव्हाळ्याच्या चटईवर जातं. जन्मतो तो त्या चटईवर, जेवतो तिच्यावर, झोपतो तिच्यावर, आणि पायाखाली तिचा हिरवा वास नसेल तर त्याला आपण परक्याच्या घरी आलोत असं वाटतं. पूर्वी गावात घरटी लव्हाळा होता. आता पाचच घरं उरली होती, आणि त्यातलं एक मात्सुझाकींचं. म्हातारा मे महिन्यात घरी येणार म्हणून हिदेआकीने आणि चिझुकोने आठवडाभर मागावर बसून त्याच्या खोलीसाठी सहा नव्या कोऱ्या चटया विणल्या, आधीच्या काढून नव्या घातल्या. म्हातारा दारातच थांबला, नाकाने वास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. चिझुकोला वाटलं, निम्मा आजार इथेच पळाला.

जूनच्या मध्यावर उरामोतोबाई यायला लागल्या. त्या गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, निळ्या पायमोज्यांच्या. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून एक प्लास्टिकची बाटली काढली, निम्मी पाण्याने भरली आणि तिच्यात हातभर नळी सोडली.

"आजोबा, नाकाने श्वास घ्या. आता नळीतून हळूहळू सोडा. बुडबुडे सारखे आले पाहिजेत. घाई नाही करायची."

तोराकिचीने बाटलीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"जन्मभर बाटलीतून ओढलं. आता बाटलीत फुंकायचं?"

"त्याचंच प्रायश्चित्त समजा."

"बघ गं चिझू, काय बोलते ही!" म्हातारा खूष झाला. त्याला उलट बोलणारी माणसं आवडायची. त्याने फुंकलं. बुडबुडे भसाभसा आले आणि पाणी त्याच्या छातीवर सांडलं.

"आग विझवायची नाहीये," बाई म्हणाल्या. "भाताला मंद रटरट येते ना, तसं. ते पाणी आतून श्वासाला रेटा देतं, मिटलेल्या नळ्या उघडतात, कफ सुटतो. दहा वेळा फुंकायचं, मग तोंड उघडं ठेवून 'हाऽऽ' करायचं. आरशावर वाफ धरतो तसं. खोकायचं नाही."

"खोकायचं नाही? मग दिवसभर करू काय मी?"

मग बाईंनी चिझुकोला थापट्या शिकवल्या. म्हाताऱ्याला डाव्या कुशीवर घेतलं, कमरेखाली उशा सरकवल्या, म्हणजे कंबर वर आणि डोकं खाली. "तळहाताची वाटी करा. चपटा हात मारलात तर लागेल, वाटी केलीत तर हवेचा दणका बसेल. आवाज पोकळ आला पाहिजे. असा." टप् टप् टप्. "सकाळी जेवणाआधी, संध्याकाळी जेवणाआधी. जेवल्यावर कधीच नाही. आणि अंगाखाली जरा टणक घ्या हो, ही उशी पार दबते."

बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चिझुको थापट्या द्यायला बसली तर उशी खरंच दबली. म्हातारा घसरून खाली आला आणि दोघं हसत बसली. मग तिला सुचलं. ती कोठारात गेली आणि गेल्या वर्षीच्या वाळलेल्या लव्हाळ्याच्या दोन पेंड्या घेऊन आली. कमरेएवढ्या जाड, टणक आणि तरी लवचीक. वर एक पंचा टाकला. म्हातारा त्यावर आडवा झाला आणि सुखाने सुस्कारला.

"ह्याला म्हणतात उशी. त्या बाईला काय कळतंय!"

लव्हाळ्याच्या घरात लव्हाळा सोडून दुसरं सुचणार तरी काय? दोराला गाठ मारायची तर लव्हाळा, भांडं घासायचं तर लव्हाळा, दार हलायला लागलं तर फटीत लव्हाळा. कुणाच्याही मनात काही आलं नाही.

पंचवीस जूनला कापणी सुरू झाली. रोज पहाटे साडेचारला हिदेआकी यंत्र घेऊन शेतात उतरायचा, आणि चिझुको मागून पेंड्या उचलायची. छातीपर्यंत उंच, ओल्या, जड पेंड्या. उन्हाच्या आधी त्या घरी आणायच्या, मातीच्या पाण्याच्या हौदात बुडवायच्या, निथळवायच्या आणि वाळवणीच्या खोलीत उभ्या रचून गरम वारा सोडायचा. मातीत बुडवल्याशिवाय लव्हाळ्याला तो रंग येत नाही, वास येत नाही, आणि तो सारखा वाळतही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोली उघडायची आणि वाळलेल्या पेंड्या कवेत घेऊन बाहेर काढायच्या. दार उघडलं की आतून आधी माती बाहेर यायची, पिठासारखी, हिरवट पांढरी. भुवया, पापण्या, नाकातले केस सगळं पांढरं व्हायचं. ते काम घरातल्या बाईचं. आधी सासू करायची, आता चिझुको.

तोराकिचीचं काम हौदावरचं. माती पाण्यात किती घालायची हे तो हात बुडवून सांगायचा. कोपरापर्यंत हात घालायचा, वर काढायचा आणि दंडावरचे केस मातीने कसे बसले ते बघायचा. हिदेआकीकडे मोजायचं काचेचं साधन होतं, पण बापाच्या हातापुढे तो ते खिशातच ठेवायचा. या वर्षी म्हाताऱ्याला खोलीतून हौदापर्यंत यायला धाप लागायची, म्हणून हिदेआकी घमेल्यात माती कालवलेलं पाणी घेऊन ओसरीवर यायचा.

"अजून," म्हातारा हात बुडवून म्हणायचा. "हे काय, आमटी केलीयेस?"

आणि सकाळ-संध्याकाळ थापट्या. चिझुको शेतातून यायची, हातपाय धुवायची, पेंड्या लावायची, म्हाताऱ्याला कुशीवर घ्यायची. टप् टप् टप्. खोकला उसळून यायचा. पहिल्या दिवसांपेक्षा जास्तच. तिला वाटायचं, काम होतंय. शेजारची शिगेयो कुंपणावरून ओरडायची, "चिझुको, सासऱ्याला कुटून कुटून पिठी करणार काय?"

"तुमच्या सासूला आणा, तिलाही करते!" चिझुको उत्तर द्यायची आणि हात चालू ठेवायची.

पण दहा दिवसांनी तिला उमगलं की खोकला वाढतोय, बेडका मात्र वाढत नाहीये. अडकलेला खोकला, तो नको असलेला, दिवसातून पाच-सहादा यायला लागला. म्हाताऱ्याच्या छातीत मांजर बसल्यासारखी घरघर. एका श्वासातले बुडबुडे दहाचे सहावर आले. आणि सहा जुलैला तिने थर्मामीटर लावला तर साडेसदतीस; ताप पुन्हा चढायला लागला होता.

तिने तो झटकला आणि खिशात घातला.

"किती?" हिदेआकीने विचारलं.

"आहे आपला. नेहमीसारखा."

खोटं बोलताना तिचे कान तापले. हिदेआकीने टोपी काढून डोकं खाजवलं. अर्धं शेत अजून उभं होतं आणि पाऊस दोन दिवसांवर होता.

"मी काय म्हणतो," तो हळू म्हणाला, "कापणी होईपर्यंत त्यांना तिकडे ठेवलं तर? नुसते दोन आठवडे. तू बघ स्वतःकडे, उभ्या उभ्या झोपतेस तू."

"दोन आठवडे म्हणून न्याल आणि डॉक्टर कायमचे ठेवून घेतील. सांगितलंय ना त्यांनी?"

"मग काय करायचं?"

"मी जास्त थापटते," चिझुको म्हणाली. आणि खरंच तिने त्या संध्याकाळी दहाची पंधरा मिनिटं केली. रोगापेक्षा औषध जालीम असतं म्हणतात, पण औषध देणाऱ्याला ते कुठे दिसतं?

दुसऱ्या दिवशी उरामोतोबाई न सांगता लवकर आल्या. आधीच्या दोन आठवड्यांत त्या यायच्या तेव्हा चिझुको शेतात असायची, आणि म्हातारा सांगायचा, "झालं आमचं सकाळीच." आज त्यांनी म्हाताऱ्याच्या छातीला कान लावला, तोंड आवळलं आणि म्हणाल्या, "चिझुकोसान, माझ्यासमोर करून दाखवा बरं. रोज करता तसंच."

चिझुकोने पेंड्या आणल्या, पंचा टाकला, म्हाताऱ्याला आडवं केलं. ढग जरा बाजूला झाले होते आणि पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा सरळ त्या दोघांवर पडला होता. तिने वाटी केली आणि थापटायला सुरुवात केली. हात छान बसला होता तिचा. आवाज अगदी पोकळ. बाई वाखाणतील असं तिला वाटत होतं.

बाई मात्र उन्हाकडे बघत होत्या. प्रत्येक थापटीबरोबर म्हाताऱ्याच्या अंगाखालून मातीचा फुफाटा उठत होता, उन्हात चमकत होता आणि संथपणे त्याच्या तोंडावर उतरत होता. डोकं खाली, तोंड उघडं, आणि वरून माती. मग बाईंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. निळे पायमोजे घोट्यापर्यंत पांढुरके झाले होते.

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे खाली काय आहे?"

"लव्हाळा," चिझुको म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, टणक पाहिजे."

"आणि ह्या चटया? कधीच्या?"

"मे महिन्यातल्या. मामंजी येणार म्हणून मुद्दाम नव्या..."

तिचा हात वाटी केलेलाच हवेत राहिला. तिला कळलं. वीस दिवस, दिवसातून दोनदा, ती म्हाताऱ्याच्या छातीतली माती काढायला बसत होती आणि स्वतःच्या हाताने त्याच्या छातीत माती भरत होती. ती मागे सरकली, भिंतीला टेकली आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली.

"अगं, रडतेस काय?" तोराकिची पेंडीवरूनच म्हणाला. "मी तरी कुठे बोललो? नाकासमोर होतं माझ्या. सत्तर वर्षं ह्या मातीत गेली म्हणून ती दिसतच नाही बघ."

उरामोतोबाईंनी स्वतःच पेंड्या उचलून बाहेर ठेवल्या. मग गुडघे टेकून बसल्या. आवाज खणखणीत होता तो उतरला.

"चूक माझीसुद्धा आहे. टणक म्हणजे काय ते मी सांगायला पाहिजे होतं. जुनी गादी गुंडाळा, तिला चादर घट्ट बांधा. पण आजोबा, नुसत्या पेंड्या काढून भागणार नाही. ह्या चटया काढाव्या लागतील. तुम्ही जमिनीलगत झोपता, रात्रभर हीच माती ओढता. फळीवर प्लास्टिक अंथरून घ्या, रोज ओल्या फडक्याने पुसता येईल असं."

तोराकिची उठून बसला. एवढी धाप लागली होती तरी ताठ बसला.

"नाही."

"आजोबा..."

"पेंड्या काढल्यात, ठीक. बुडबुडे तुम्ही सांगाल तेवढे काढतो. पण मात्सुझाकीच्या घरात तातामी उपटून प्लास्टिक? उद्या गिऱ्हाईक ओसरीवर आलं तर काय सांगू? आम्ही विणतो ती तुम्ही अंथरा, आम्हाला ती सोसत नाही? मग त्या मागच्या इमारतीने काय पाप केलंय?"

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, त्यातली गत. बाईंनी पुष्कळ समजावलं. म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या दिवसापासून जुनी गादी आली. थापट्यांनी दुसऱ्याच दिवशी दोन बेडके सुटले, दाट, हिरवट. चिझुकोने ते कागदात धरून उजेडात पाहिले. तिला इतका आनंद झाला की तिने हौदावर जाऊन नवऱ्याला दाखवले. "मला कशाला दाखवतेस!" हिदेआकी म्हणाला, पण त्याने पाहिले. ताप मात्र हटेना. सकाळी उतरायचा, संध्याकाळी साडेसदतीसवर यायचा. तपासणीला नऊ दिवस राहिले होते.

अकरा जुलैला पाऊस थांबून ऊन तापलं. सकाळी चिझुकोने वाळवणीची खोली उघडली, सव्वाशे पेंड्या कवेत घेऊन बाहेर रचल्या, केस झटकले आणि तशीच म्हाताऱ्यापाशी आली. तो कुशीवर होता, डोकं खाली, डोळे मिटलेले. टप् टप् टप्. मध्येच खोकला आला. लहानसा, कोरडा, दोन उबळींचा.

"थांब," तोराकिची म्हणाला. "हा कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? तुमचाच."

"माझा खोकला मला ओळखू येत नाही होय? तोंड खाली असलं म्हणून कान बंद नाहीत माझे. कधीपासून?"

"अहो, कापणीचा खोकला तो. दरवर्षी येतो. सगळ्यांनाच येतो. ऑगस्टात जातो." ती हसली आणि हात पुन्हा चालवायला लागली.

म्हातारा उठून बसला. त्याने बाजूची बाटली तिच्यापुढे ढकलली. "फुंक."

"मामंजी, चार वाजल्यापासून उभी आहे मी, हे काय आता..."

"फुंक म्हणतो ना!"

तिने नळी तोंडात धरली. श्वास घेतला आणि सोडला. बुडबुडे आले, पाच, सहा, आणि तिला मध्येच उबळ आली. नळी सुटली. ती छातीला हात लावून खोकत राहिली. पदरासारख्या पुढे बांधलेल्या तिच्या एप्रनवरून माती उडाली आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर पडली.

तोराकिचीने तिच्या पापण्यांकडे पाहिलं. पांढऱ्या. त्याची बायको किनू अशीच यायची त्या खोलीतून. दरवर्षी खोकायची, आणि तो दरवर्षी म्हणायचा, कापणीचा खोकला गं, ऑगस्टात जाईल. एका वर्षी ऑगस्ट गेला, खोकला गेला नाही. अकरा वर्षं ती ह्याच खोलीत खोकली. तिला कुणी बाटली दिली नाही, कुणी थापट्या दिल्या नाहीत. तिच्या छातीला एकदा कान लावावा असं त्याला सुचलं नाही, कारण गावात कुठल्या बाईला खोकला नव्हता?

"झालं आज," तो म्हणाला. "जा, जेव. आणि तोंड धुऊन घे आधी."

दुसऱ्या दिवशी पहाटे चिझुको शेतात निघाली तेव्हा त्याच्या खोलीतून धडधड ऐकू आली. ती धावली. तोराकिची गुडघ्यांवर बसला होता. चटई उचलायचा लोखंडी आकडा त्याने फटीत घातला होता आणि एक चटई वीतभर उचलून ती खांद्याने तोलून धरली होती. घामाने निथळत होता. ओठ निळे पडले होते.

"मामंजी! अहो, ऐकलंत का, या लवकर!"

हिदेआकी चिखलाच्या बुटांसकट आत आला. त्याने बापाच्या खांद्यावरची चटई घेतली.

"काय चाललंय तुमचं?"

म्हाताऱ्याला बोलायला वेळ लागला. त्याने आधी नाकाने श्वास घेतला, मग ओठ गोल करून, जसा नळीतून सोडायचा तसा, सावकाश सोडला. तीनदा. मग म्हणाला, "काढ सगळ्या. सहाच्या सहा."

"तुम्हीच तर म्हणत होता..."

"माझ्यासाठी नाही काढत. ही दिवसातून दोनदा इथे बसून थापटते. आधी तिकडे वाळवणीत माती खायची, मग इथे येऊन माझ्या उशाशी खायची. तुझ्या आईला खाऊ घातली तेवढी बास झाली." तो पुन्हा थांबला, श्वास सोडला. "आणि ऐक. वाळवणीची खोली आजपासून तू उघडायचीस. तोंडाला ते जाड फडकं बांधून. दार उघडून अर्धा तास वारं जाऊ द्यायचं, मग आत शिरायचं."

"अर्धा तास? कापणीत?"

"कापणीत. शेतातला लव्हाळा पळून जात नाही."

हिदेआकी बापाकडे बघत राहिला, मग बायकोकडे. चिझुको मान खाली घालून आकडा पुसत होती. त्याने चटई उचलली आणि अंगणात नेऊन टाकली. मग दुसरी.

दुपारी गावातल्या दुकानातून प्लास्टिकची गुंडाळी आली. लाकडाचा रंग काढलेली, चकचकीत, कुरूप. फळ्या पुसून ती अंथरली तेव्हा तोराकिचीने तिच्यावर तळवा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. शिगेयो कुंपणावरून डोकावलीच.

"काय हो तोराकिचीसान, तातामीवाल्याच्या घरात प्लास्टिक? जमाना बदलला!"

"ये की आत, बघ, घसरून पडशील!" म्हातारा ओरडला. "आणि तो तुझा खोकला घेऊन ये. काल दुपारी ऐकला मी. थापटायला हीच आहे आमची!"

शिगेयोचं हसू जरा विरलं. पण दोन दिवसांनी ती खरंच आली आणि ओसरीवर बसून बाटली कशी करायची ते विचारून गेली.

पंधरा जुलैला संध्याकाळी थर्मामीटर सदतीसच्या खाली होता. चिझुकोने तो तीनदा झटकून तीनदा लावला. सतराला कापणी संपली. बुडबुडे बाराच्या वर जायला लागले. म्हातारा मुद्दाम तिच्यासमोर मोठ्याने मोजून दाखवायचा आणि मोजताना श्वास सुटायचा, मग पुन्हा पहिल्यापासून.

वीसला हिदेआकीने दोघांना गाडीने दवाखान्यात नेलं. वाटेत मागची इमारत दिसली. डॉक्टरने छातीचा फोटो पाहिला, तोराकिचीचा सदरा वर करून पाठीवर कानातल्या नळीचं टोक इकडे तिकडे लावलं, 'श्वास घ्या', 'सोडा', 'पुन्हा'. चिझुको दाराशी उभी होती. पिशवीचा बंद तिने बोटाला इतका गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं होतं.

"बरं आहे की," डॉक्टर म्हणाला. "खालचा भाग मोकळा वाटतोय. काय केलंत?"

"फुंकलं," तोराकिची म्हणाला. "आणि हिने बडवलं."

"असंच चालू ठेवा. आता ऑक्टोबरात या. घरी जा आजोबा."

चिझुको "आभारी आहे, फार आभारी आहे" म्हणून चारदा वाकली. डॉक्टर पुढचा कागद ओढायला लागला. पण तोराकिची स्टुलावरून हलला नाही. त्याने सदऱ्याची बटणं लावली, खालपासून वरपर्यंत, आणि मग उठून स्टूल चिझुकोकडे सरकवलं.

"आता हिची ऐका."

"मामंजी! अहो, माझं नाव नाहीये आज. डॉक्टर, यांचं काही ऐकू नका, मला काही..."

"बस."

"बाहेर लोक खोळंबलेत!"

"खोळंबू दे. हिच्या सासूच्या वेळी मी विचारलं नाही," तो डॉक्टरला म्हणाला. "अकरा वर्षं नाही विचारलं. हिचं विचारतोय. कापणी सुरू झाल्यापासून खोकतेय, आणि त्याच्या आधी किती ते तिलाच माहीत नाही."

डॉक्टरने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग नळी पुन्हा कानात घातली. चिझुको बसली. तिचे कान लालबुंद झाले होते.

म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुनेच्या उघड्या पाठीकडे बघायचं नाही म्हणून. "श्वास घ्या," मागून ऐकू आलं. "सोडा." तेवढ्यात त्याच्या छातीत उबळ दाटून आली. त्याने ओठ घट्ट मिटले, मूठ छातीवर दाबली. डॉक्टर डाव्या बाजूला ऐकत होता. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या, बराच वेळ. तोराकिचीची मान फुगली, डोळ्यांतून पाणी आलं, खांदे हलायला लागले, पण त्याने आवाज बाहेर येऊ दिला नाही. डॉक्टरला तिची छाती नीट ऐकू आली पाहिजे होती.

"आहे थोडं," शेवटी डॉक्टर म्हणाला आणि नळी कानातून काढली. "पण फार नाही. वेळेवर आणलंत."

तेव्हा तोराकिची खोकला. भिंतीला दोन्ही हात लावून, वाकून, सगळी खोली दणाणून जाईपर्यंत खोकला. चिझुको पाठीवरचा सदरा तसाच सोडून उठली आणि त्याच्या पाठीवर हाताची वाटी धरली.